कांटा काय सांगतो?

आमच्या ह्या शाळेच्या विज्ञानशाळेंत भिंतीला लागून एक कांचेचें कपाट असे, आणि त्यांत एक जुना गॅल्व्हानोमीटर होता. आम्हीं मुलांनीं त्याच्याभोंवतीं कोंडाळें करावें, गुरुजींनीं दोन तारा त्यास जोडाव्या, आणि त्या बारीक कांट्यानें हलकेच मान वळवावी, कीं आम्हांस एखाद्या जादूगाराचा खेळ पाहिल्याचा आनंद होई. गुरुजी म्हणत, "मुलांनो, मनुष्य खोटें बोलतो, कांटा खोटें बोलत नाहीं." हें वाक्य मीं वहीच्या पहिल्या पानावर उतरून घेतलें होतें. परंतु त्याचा अर्धाच अर्थ मला तेव्हां समजला होता. उरलेला अर्धा समजण्यापूर्वीं एका वृद्ध बाईंना दोनदां व्यर्थ पैसे मोजावे लागले, आणि मला जन्मभर पुरेल एवढी लाज वाटली. शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं लिहावें असें संपादकांचें पत्र आलें, तेव्हां हीच हकीकत प्रथम मनांत आली.

१९७१ सालीं मी अकरावीची शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालों. घरची स्थिति बेताची असल्यामुळें पुढें कॉलेजांत जाणें शक्य नव्हतें. मिरजेस माझ्या मामांचें रेडिओ दुरुस्तीचें लहानसें दुकान होतें. तेथें काम शिकण्यास मी राहिलों. मिरज हें सतारी-तंबोऱ्यांचें गांव. दुपारीं काम नसलें म्हणजे मी तंबोरे करणाऱ्या कारागिरांच्या दुकानापुढें जाऊन उभा राही. कारागीर घोडीवर कानस हलकेच फिरवी, तार छेडी, मान तिरकी करून ऐके, आणि पुन्हां कानस फिरवी. जवारी मनासारखी लागेपर्यंत त्याचें हें घांसणें व ऐकणें चाले. मी हें मामांना सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "अरे, त्यांचें मीटर त्यांच्या कानांत असतें, आपलें टेबलावर असतें. पण ऐकण्याचा धीर दोघांनाहि लागतो." हा धीर माझ्या अंगीं नव्हता.

त्या काळीं रेडिओ बाळगण्यास पोस्टांतून परवाना काढावा लागे, आणि पुष्कळ घरांत रेडिओचा मान देव्हाऱ्याच्या खालोखाल असे. लांकडी पेटी, तिच्यावर विणलेला रुमाल, आणि आंत तांबूस उजेड देणारे पांचसहा व्हॉल्व्ह. डाख देण्यास शिकल्यावर व दहावीस संच उघडून पाहिल्यावर मला वाटूं लागलें कीं, ही विद्या आपणांस साधली. बिघाडाचें नांव ऐकतांच कोणता भाग गेला हें सांगण्यांत मला भूषण वाटे. अनुमान बरोबर निघालें तर मी तें दहा जणांना सांगें, आणि चुकलें तर विसरून जाईं.

नोव्हेंबरच्या आरंभीं एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आपला रेडिओ टांग्यांतून घेऊन आल्या. सारा गांव त्यांना 'बाई' म्हणे. त्यांची तक्रार अशी कीं, रेडिओ लावल्यावर पहिलीं वीस मिनिटें आवाज स्वच्छ येतो; मग तो घोगरा होत जातो, आणि शेवटीं एकहि शब्द कळत नाहीं. मामा त्या दिवशीं सांगलीस गेले होते. मीं पेटी उघडली. आवाज मोठा करणारा शेवटचा व्हॉल्व्ह हात लावतां येणार नाहीं इतका तापला होता. मीं लगेच निदान केलें : व्हॉल्व्ह जुना झाला. नवा बसवला, आवाज सुधारला, बाईंनीं पदराच्या गांठींतून पैसे काढून दिले. तीन आठवडे गेले नाहींत तोंच टांगा पुन्हां दुकानापुढें उभा राहिला. तीच तक्रार.

ह्या वेळीं मीं पुस्तक उघडलें, हें माझ्या बाजूनें सांगितलें पाहिजे. त्यांत असें लिहिलें होतें कीं, शेवटच्या व्हॉल्व्हकडे आवाज पोहोंचविणारा जो कंडेन्सर असतो तो कधीं कधीं गळूं लागतो. कंडेन्सरचें काम असें कीं, आवाजाचा फेरबदल होणारा प्रवाह पुढें जाऊं द्यावा, परंतु मागील व्हॉल्व्हवरील शंभरेक व्होल्टांचा स्थिर दाब अडवून धरावा. तो गळूं लागला म्हणजे हा दाब शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर झिरपतो. ग्रिड हें व्हॉल्व्हचें दार होय. दार हवें त्याहून अधिक उघडें राहिलें कीं आंतून प्रवाहाचा लोंढा वाहतो, व्हॉल्व्ह तापतो, आवाज फाटतो, आणि कांहीं दिवसांनीं व्हॉल्व्ह मरतो. कागदी कंडेन्सर असला तर तो ऊब लागली म्हणजे अधिक गळतो, म्हणून वीस मिनिटांनंतर हा सारा प्रकार व्हावा हें साहजिकच. परीक्षा सोपी होती. शेवटचा व्हॉल्व्ह उपसून ठेवावा, आणि त्याच्या ग्रिडच्या जागीं व्होल्ट मोजावे. शून्य असले तर कंडेन्सर चांगला.

टेबलावर एक स्वस्तांतलें लहान मीटर पडलेलें असे. मीं तें दहा व्होल्टांच्या पट्ट्यावर लावलें. कांटा शून्यावरून हालल्यासारखा दिसला नाहीं. "कांटा खोटें बोलत नाहीं," मी मनाशीं म्हणालों. कंडेन्सर निर्दोष ठरविला, आणि दुसरा नवा व्हॉल्व्ह बसवला. बाईंनीं पुन्हां गांठ सोडली. पहिला व्हॉल्व्ह वाईट निघाला असावा, असें मीं त्यांस सांगितलें.

३ डिसेंबर १९७१ रोजीं संध्याकाळीं पाकिस्तानच्या विमानांनीं आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धास तोंड लागलें. त्यानंतर दोनच दिवसांनीं बाई तिसऱ्यांदा आल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरें वाटलें असतें. त्या एवढेंच म्हणाल्या, "बाळ, पैशांचें राहूं दे. माझा धाकटा पश्चिमेच्या सरहद्दीवर आहे, आणि पत्र येत नाहीं. शेजारीं रेडिओ आहे, पण लोकांसमोर बसून बातम्या ऐकणें मला जड जातें. तेवढ्या बातम्या घरीं ऐकूं येतील असें कर." माझ्या तोंडून शब्द निघेना. मामांनीं हें बोलणें आंतून ऐकलें. ते बाहेर आले, त्यांनीं बाईंना बसावयास पाट दिला, आणि मला विचारलें, "काय काय मोजलेंस?" मीं सर्व सांगितलें. "कशानें मोजलेंस?" मीं लहान मीटर दाखविलें. ते कांहीं बोलले नाहींत. कपाटाचें कुलूप काढून त्यांनीं आपलें मोठें मीटर टेबलावर आणून ठेवलें.

तें ॲव्होमीटर होतें. आम्हां पोरांच्या हातीं तें जळूं नये म्हणून मामा तें कुलपांत ठेवीत. ब्रिटिश पोस्टखात्यांतील डोनाल्ड मॅकाडी ह्या गृहस्थास निरनिराळ्या कामांसाठीं निरनिराळीं यंत्रें वागविण्याचा कंटाळा आला, म्हणून त्यानें अँपिअर, व्होल्ट व ओहम हीं तिन्ही मापें घेणारें एकच यंत्र योजिलें. तें १९२३ सालीं बाजारांत आलें, आणि ह्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याचें नांव पडलें. मामांजवळचें यंत्र त्याच वंशांतील आठव्या क्रमांकाचें होतें. मीं वाट न पाहतां थंड संच मोजला होता. मामांनीं मात्र संच वीस मिनिटें चालूं दिला. नंतर व्हॉल्व्ह उपसला, लहान मीटर लावलें. कांटा जागच्या जागीं. त्याच जागीं मोठें मीटर दहा व्होल्टांच्या पट्ट्यावर लावलें. कांटा उठला आणि पावणेतीन व्होल्टांच्या आसपास स्थिरावला. मग त्यांनीं पट्टा बदलून पंचवीस व्होल्टांचा केला. आंकडा साडेचारांच्या वर गेला.

मी गोंधळून गेलों. "मामा, जागा एक, दाब एक, आणि उत्तरें तीन? ह्यांत खरें कोणतें?"

"एकहि नाहीं," मामा म्हणाले. "खरें ह्या तिन्हींहून मोठें आहे. वाटींत थोडीशी आमटी आहे. मीठ पाहण्यास तूं पळी बुडविलीस तर वाटी रिकामी होईल, आणि आमटी नव्हतीच असें तूं म्हणशील. चव पाहणाराहि थोडें खातो. तुझें लहान मीटर पळी आहे, माझें चमचा आहे. पट्टा वाढविला कीं चमचा आणखी लहान होतो, म्हणून आंकडा वाढला. आंकडा पट्ट्याबरोबर बदलूं लागला कीं समजावें, मीटर पीत आहे."

मग त्यांनीं पाटीवर हिशेब मांडला. मला तो अद्याप पाठ आहे. कांट्याचें मीटर चालतें तें मोजावयाच्या जागेंतून थोडा प्रवाह स्वतः ओढून घेऊन. लहान मीटरचा कांटा पूर्ण वळण्यास एक सहस्रांश अँपिअर लागे. ह्यालाच व्होल्टामागें १००० ओहम असें म्हणतात, आणि हा आंकडा बहुधा मीटरच्या तबकडीवरच छापलेला असतो. मीं तो कधीं वाचला नव्हता. म्हणजे दहा व्होल्टांच्या पट्ट्यावर त्या मीटरचा रोध अवघा १०,००० ओहम. ॲव्होमीटरचा आंकडा व्होल्टामागें २०,००० ओहम, म्हणून त्याच पट्ट्यावर त्याचा रोध दोन लक्ष. आतां ग्रिडपासून जमिनीपर्यंत ४,७०,००० ओहमचा रोध होता. कंडेन्सरची गळती ५० लक्ष ओहमच्या रोधाएवढी व मागचा दाब १०० व्होल्ट धरला, तर ग्रिडवर साडेआठांहून किंचित् अधिक व्होल्ट असले पाहिजेत. पण लहान मीटर लावतांच तें बाजूनें एवढी मोठी वाट काढून देई कीं, दाब एक पंचमांश व्होल्टावर येई. पट्ट्याच्या पन्नासाव्या भागाइतकी ही हालचाल माझ्या उतावळ्या डोळ्यांना दिसली नाहीं. बिघाड होता, परंतु मीटर लावल्याबरोबर मीटरच त्यास झांकून टाकी, आणि मीटर काढल्याबरोबर तो पुन्हां आपलें काम करूं लागे.

त्या दिवशीं कंडेन्सर बदलला. त्या एवढ्याशा भागाची किंमत एका व्हॉल्व्हच्या मानानें अगदींच किरकोळ होती. दुसऱ्या व्हॉल्व्हचे थोडे आयुष्य शिल्लक होतें, म्हणून तो तसाच ठेवला. मामांनीं रेडिओ दोन तास वाजवून पाहिला, आणि मगच टांगा बोलाविला. पहिल्या व दुसऱ्या व्हॉल्व्हचे पैसे त्यांनीं बाईंना परत दिले. ते माझ्या हातखर्चांतून कापून घेण्यास दोन महिने लागले. पैसे नेऊन देण्याचें काम त्यांनीं मलाच सांगितलें, आणि तीच खरी शिक्षा होती. बाईंनीं पैसे मोजले नाहींत. त्यांनीं विचारलें, "चूक सांपडली ना?" मी "हो" म्हणालों. "मग झालें. चूक सांपडली म्हणजे गणित सुटलें," असें म्हणून त्यांनीं मला चहा दिला. १६ डिसेंबरला ढाक्यास शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. त्या रात्रीं दुकान बंद करून जातांना मीं बाईंच्या खिडकीखालीं क्षणभर उभें राहून ऐकलें. निवेदकाचा शब्द न् शब्द स्वच्छ होता. पुढें फेब्रुवारींत त्यांचा मुलगा रजेवर आला, तेव्हां त्या त्याला घेऊन मुद्दाम दुकानांत आल्या.

ह्या गोष्टीस आतां पन्नासांहून अधिक वर्षें होऊन गेलीं. व्हॉल्व्ह गेले, त्यांच्यामागून ट्रान्झिस्टर आले, आणि आतां नखाएवढ्या चकतींत सारा संच मावतो. कांट्याच्या जागीं आंकडे दाखविणारीं डिजिटल मीटरें आलीं. त्यांतील बहुतेकांचा रोध व्होल्टाच्या पट्ट्यांवर एक कोटि ओहमच्या आसपास असतो. तसें मीटर त्या दिवशीं माझ्या हातीं असतें तर त्यानें आठाहून अधिक व्होल्ट दाखविले असते, आणि बाईंचे पैसे वांचले असते. तेव्हां आतां सर्व प्रश्न मिटले, असें कोणासहि वाटेल. मलाहि तसेंच वाटे. माझी नात विज्ञानाची आवड असलेली मुलगी आहे. एकदां घरांत वायरिंगचें काम चालूं असतांना वायरमननें एक तार दोन्ही टोकांस सोडवून ठेवली होती. त्यानें आपल्या डिजिटल मीटरवर ती तपासली तों आंकडा सत्तर व्होल्ट! नात ओरडली, "आजोबा, कशालाहि न जोडलेल्या तारेंत वीज कोठून आली?"

हा आमच्या जुन्या गोष्टीचाच उलटा भाग होता. ती तार नळींतून दुसऱ्या जिवंत तारेला खेटून गेलेली होती. दोन तारा अशा शेजारीं असल्या म्हणजे त्यांचा मिळून एक लहानसा कंडेन्सर बनतो, आणि त्यांतून अगदीं नाममात्र प्रवाह झिरपतो. तो एवढा क्षीण असतो कीं, त्यानें कांहींहि चालणार नाहीं. परंतु ज्या मीटरला तहानच नाहीं, त्याला तो थेंबहि दिसतो. वायरमननें त्या तारेला दिवा जोडतांच मीटरवरील आंकडा शून्याकडे घसरला. दिव्याला पोटभर लागतें, आणि तेथें पोटभर कांहीं नव्हतें. म्हणजे ज्या पळीनें मला फसविलें, तीच येथें खरें बोलली. हल्लीं कांहीं मीटरांत ह्यासाठींच कमी रोधाची निराळी सोय केलेली असते.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांना आतां स्वतःचें मीटर घ्यावेंसें वाटत असेल. "सर्वांत चांगलें मीटर कोणतें?" असें मला कोणी विचारलें तर मी उलट विचारतों, "तुला काय विचारावयाचें आहे?" बॅटरीवर चालणाऱ्या प्रयोगांस साधें डिजिटल मीटर पुरतें. हळूहळू वरखालीं होणारा दाब पाहावयाचा असेल, तर कांट्याची चाल आंकड्यांच्या नाचण्यापेक्षां डोळ्यांस लवकर कळते. एका सेकंदांत शेंकडों वेळां बदलणारी गोष्ट पाहावयाची असेल, तर कोणतेंहि मीटर केवळ एक ठोकळ आंकडा सांगतें. तेथें ऑसिलोस्कोप पाहिजे. त्याची मूळ नळी फर्डिनांड ब्राउन ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं केली, आणि विजेच्या लाटेचा आकार तीमुळें मनुष्याला डोळ्यांनीं सहज पाहतां आला. पण त्याचेंहि एक व्यसन आहे : त्याच्या तारेचा एक चिमटा बहुधा जमिनीशीं जोडलेला असतो, आणि तो भलत्या ठिकाणीं लावला तर शॉर्टसर्किट होतें.

पालकांसाठीं दोन शब्द अधिक. घरच्या विजेवर मापें घेणें हा मुलांचा खेळ नव्हे; तें जाणत्या मनुष्यानें करावें, आणि मीटरहि त्या योग्यतेचें असावें. चांगल्या मीटरवर 'कॅट' ह्या अक्षरांपुढें आंकडा लिहिलेला असतो. भिंतींतील प्लगवर चालणाऱ्या उपकरणांस दुसरा वर्ग, घरांतील मुख्य बोर्डास तिसरा, आणि बाहेरून येणाऱ्या मुख्य तारेस चौथा वर्ग लागतो. मीटरची तार प्रवाह मोजण्याच्या भोंकांत विसरून ती तशीच दाब मोजण्यास लावणें ही नेहमीची व भयंकर चूक होय, कारण प्रवाहाच्या जागीं मीटरला रोध जवळ जवळ नसतोच, आणि तें स्वतःच शॉर्टसर्किट बनतें. तार मृत आहे असें ठरविण्यापूर्वीं मीटर प्रथम माहितीच्या जिवंत जागीं लावून पाहावें, मग संशयित जागीं लावावें, आणि पुन्हां जिवंत जागीं लावावें. तसें न केल्यास मीटरच्या तुटलेल्या तारेचें शून्य आणि विजेच्या अभावाचें शून्य ह्यांतील भेद कळत नाहीं. दोन्ही शून्यें दिसावयास सारखींच असतात.

आमचे गुरुजी आतां नाहींत, आणि मामाहि नाहींत. तें ॲव्होमीटर मात्र माझ्यापाशीं आहे, आणि मीं त्यास कुलूप लावलेलें नाहीं. नात तें हाताळते, आणि पट्टा बदलून आंकडा बदलतो कीं काय हें पाहण्याची संवय मीं तिला प्रथम लावली आहे. गुरुजींचें वाक्य मला आजहि खरें वाटतें. कांटा खोटें बोलत नाहीं. पण तो विचारलें तेवढ्याचेंच उत्तर देतो, आणि विचारणाराचा हात त्या उत्तरांत मिसळलेला असतो. मीं त्या दिवशीं कंडेन्सरची परीक्षा घेतली, मीटरची घेतली नाहीं, आणि स्वतःची तर मुळींच घेतली नाहीं. त्याची किंमत दुसऱ्यानें भरली. आपल्या मापाची चूक दुसऱ्याच्या पदराच्या गांठींतून फेडली जाऊं नये, एवढी काळजी तुम्हीं घ्यावी, इतकीच एका जुन्या विद्यार्थ्याची विनंति आहे.